पहिली फेरी

व्हिव्हियन थॉर्सबीने आपली खुर्ची खिडकीपासून मागे ओढली. ऐंशी उलटली होती, पण उजेड तोंडावर कुठून पडतो हे नटीला कुणी सांगावं लागत नाही. नीट बसल्यावर तिने पाहुणीकडे पाहिलं.

“शिव्या द्यायला आला असाल, तर कॉफी निवायच्या आत देऊन टाका.”

अर्लीन पकेट हसली नाही. अलाबामाहून लॉस एंजेलिसला ती विमानाने आली होती, तेही आयुष्यात पहिल्यांदा, आणि शिव्या काही तिने आणल्या नव्हत्या.

“एक मागायचंय तुमच्याकडे, मिस व्हिव्हियन.”

अर्लीनचा बाप रॉस्को तिच्या जन्माआधीच गेला. मतदानाचा हक्क हवा म्हणून गावातली काळी माणसं चर्चपासून कोर्टापर्यंत चालत निघाली होती, आणि हॉलिवूडची ही लाडकी गोरी नटी त्यांच्या हातात हात घालून पुढे होती. तिच्यामुळे कॅमेरा आला, कॅमेऱ्यामुळे साऱ्या देशाने पाहिलं. अजून दर फेब्रुवारीत, काळ्यांच्या इतिहासाच्या महिन्यात, टीव्हीवर त्या दिवसाची फिल्म लागते. रॉस्को चर्चच्या दारातून पाऊल बाहेर टाकतो, कुठूनशी वीट येते, रॉस्को पडतो. अर्लीन साठीची झाली, तिची मुलं रॉस्कोहून वयाने मोठी झाली, आणि तो आपला तिशीतच दर वर्षी मरतो. कधीकधी तिला त्याचा रागही यायचा, इतक्या लवकर पडतो म्हणून.

“आमच्या शेजारच्या मिस ओला गेल्या महिन्यात वारल्या. जाताना म्हणाल्या, त्या दिवशी माणसं दोनदा चालली.”

व्हिव्हियनचा कप बशीवर वाजला.

“कॅमेरा अडकला होता,” ती म्हणाली. “आम्ही पार कोर्टापर्यंत गेलो. कुणी बोटसुद्धा लावलं नाही. मग कळलं, फिल्मवर काहीच आलेलं नाही. सेटवर म्हणतो ना, तसं म्हणून गेले मी. चला, सगळे परत पहिल्या जागेवर. रोजचंच होतं हो ते तोंडात. आणि माणसं परत चर्चमध्ये गेली.”

“ते ठाऊक आहे मला. त्यासाठी नाही आले.” अर्लीन पुढे सरकली. “आई म्हणायची, रॉस्को रस्त्याने चालायला लागला की पोरी कामं टाकून पायरीवर येऊन बसायच्या. मी ती चाल पाहिलीच नाही. फिल्ममध्ये एकच पाऊल आहे. पहिल्या फेरीत तो तुमच्या शेजारी होता, शेवटपर्यंत. त्या दिवशीचं दुसरं कुणी आता उरलं नाही. तुम्ही नटी आहात, मिस व्हिव्हियन. उठून दाखवा ना, माझा बाप कसा चालायचा.”

व्हिव्हियन काठी टेकत उठली. मग तिने काठीही बाजूला ठेवली. खांदे सैल सोडले, मान वर केली, एक पाय उचलला. त्या म्हाताऱ्या अंगात खरंच कुणी तरुण माणूस येऊन उभा राहिला. अर्लीनने श्वास रोखून धरला.

पाय तसाच खाली आला.

“खोटं होईल,” व्हिव्हियन म्हणाली. “माझ्या डाव्या हाताला होता तो. हात गरम होता त्याचा, एवढंच आठवतं. सगळा रस्ता मी कॅमेऱ्याकडे बघत होते.”

अर्लीनने काठी उचलून तिच्या हातात दिली.

“बंद पडलेल्या कॅमेऱ्याकडे,” ती म्हणाली.