ठराविक उत्तर

आरोग्य खात्याच्या तक्रार कक्षात तो वरिष्ठ लिपिक होता. त्याच्याकडे बायकांची पत्रं यायची. बाळंतपणानंतर अंग बाहेर येतं म्हणून, लघवी राहत नाही म्हणून, डॉक्टरांनी त्यांच्या ओटीपोटात प्लॅस्टिकची जाळी बसवली होती आणि ती आता मांसात रुतत होती. पहिली ओळ वाचली की तो अवघडून जायचा. असल्या गोष्टी आपण कशाला वाचायच्या, असं म्हणत ठराविक उत्तर काढायचा: आपला त्रास वयोमानानुसार असू शकतो, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. खाली सही ठोकली, नाव-पत्ता टंकलेखकानं घातला, की पत्र कपाटात. सहा वर्षं हे असंच चाललं.

मग वर्तमानपत्रांतून बोभाटा झाला. सरकारनं चौकशी समिती नेमली आणि समितीनं पत्रं मागितली. साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात सांगितलं, की नोंदवहीत चढलेली एकेचाळीसच द्यायची, बाकीची गहाळ म्हणायची. तो मान डोलावून आला आणि गठ्ठे सोडायला बसला.

तिसऱ्या गठ्ठ्यात ओळखीचं अक्षर निघालं. बायकोच्या थोरल्या बहिणीचं. पत्र तीन वर्षांपूर्वीचं होतं. ताई शिवणकाम करायची. मशीनवर दहा मिनिटं बसवत नाही, दुकान बंद केलं, नवऱ्यानं हात लावला तरी जीव घाबरा होतो, असं तिनं लिहिलं होतं. घरच्या कार्यात ती कायम उभी असायची, आणि 'ताई म्हणजे घोड्यावर स्वार' असं म्हणून तो सगळ्यांना हसवायचा. तीही हसायची. पत्राला टाचलेल्या उत्तरावर त्याचीच सही होती.

दुसऱ्या दिवशी त्यानं ते पत्र तिच्यापुढे ठेवलं.

"तुमच्या ऑफिसात जाणार हे ठाऊक होतं मला," ती म्हणाली. "तोंडानं सांगायची लाज वाटली, म्हणून लिहिलं. उत्तर आलं तेव्हा वाटलं, तुम्ही सगळं वाचलंत आणि तरी हेच लिहिलंत. मग विषयच काढला नाही."

वाचलं होतं, पण नियमांपुढे हात टेकले, एवढं म्हटलं असतं तर निभावलं असतं. तसं म्हणायला त्याची जीभ रेटेना.

"वाचलंच नव्हतं, ताई. कुणाचंच नाही."

तिनं पत्राची घडी घातली. मग विचारलं, "हे समितीपुढे सांगाल?"

त्यानं सगळी दोनशे सहा पत्रं नेली. साहेबांनी दिलेला हुकूमही सांगितला. सभागृह बायकांनी भरलं होतं, काही भिंतीला टेकून उभ्या होत्या. का वाचली नाहीत, असं अध्यक्षांनी विचारलं.

"लाज वाटायची," तो म्हणाला.

मागून एक बाई शांतपणे म्हणाली, "आम्हाला लिहिताना वाटली नसेल?"



खात्याला सहा वर्षं सगळं कळत होतं, असं अहवालात आलं. मंत्र्यांनी जाहीर माफी मागितली, जाळी बसवणं थांबलं, ती काढायला एका रुग्णालयात वेगळा विभाग निघाला. ताईची निम्मीच निघाली. उरलेलीला हात लावणं डॉक्टरांना धोक्याचं वाटलं. साहेबांची चौकशी लागली. त्याला बायकांना फोन करून जाळी काढायच्या तारखा द्यायचं काम मिळालं. तो आधी आपलं नाव सांगतो. काही जणी ते ऐकून फोन ठेवतात. तो थोड्या वेळानं पुन्हा लावतो.