झरोक्याखालची कुंडी

“याला ऊन लागतं, राघवेंद्रराव, पण एकाएकी—”

“ठाऊक आहे, बाईसाहेब,” राघवेंद्ररावांनी अदबीने, परंतु घाईने उत्तर दिले. “आमच्याकडं बांधाबांधाला निवडुंगच आहे. त्याची काय काळजी करायची!”

कचेरीतील साहेबांच्या पत्नी वनमालाबाई हसल्या आणि पुढचे सांगायच्या राहिल्या. बंगल्याच्या व्हरांड्यात उभ्या राहून त्यांनी चिनीमातीची पांढरी कुंडी राघवेंद्ररावांच्या हाती दिली. तीत नारळाएवढा, गोल कंगोऱ्यांचा व सोनेरी काट्यांचा निवडुंग होता. पुण्याच्या पुष्पप्रदर्शनातून त्यांनी तो मोठ्या हौसेने आणला होता. आता बाई माहेरी पुण्याला निघाल्या होत्या, साहेब सदैव दौऱ्यावर असत, आणि कुंडी सांभाळण्यासाठी साऱ्या कचेरीतून त्यांनी राघवेंद्ररावांनाच निवडले होते. या अभिमानाने ते तुळजापूरच्या उतरत्या गल्लीतून, एखादी मूर्ती न्यावी तशी ती कुंडी छातीशी धरून घरी आले.

राघवेंद्ररावांचे शिक्षण निजामी अमदानीत उर्दूतून, आणि तेही अर्धवटच झालेले होते. मराठवाडा मुंबई राज्यात सामील झाला, कचेरीचा कारभार मराठीत आला आणि त्याच सुमारास हे पुण्याकडील साहेब आले. राघवेंद्ररावांच्या कारकुनी मसुद्यावर साहेबांची तांबडी शाई पडे. साहेब रागावत नसत. केवळ दुरुस्ती करून कागद शांतपणे पुढे सरकवीत, आणि तेच मनास अधिक लागे. तेव्हापासून कोणी काही सांगू लागले, की त्याचे वाक्य पुरे होण्यापूर्वीच ‘ठाऊक आहे’ असे म्हणण्याची सवय त्यांना जडली होती. निदान साहेबांच्या घरी तरी आपण जाणते ठरावे, एवढीच त्यांची आकांक्षा होती.

उंबऱ्यातच मातोश्री द्वारकाबाईंनी त्यांना अडविले.

“हे काय आणलंस रे? काटेरी झाड घरात? भांडणं लागतात त्यानं.”

“साहेबांचं आहे, आई.”

“मग साहेबांच्याच घरात लागू दे की भांडणं!”

राघवेंद्ररावांच्या पत्नीला, विमलला, पदराआड हसू फुटले. अखेर तडजोड होऊन कुंडी दृष्टीआड, धान्याच्या कोठीच्या खोलीत गेली. मातीच्या सपाट छताचे, माळवदाचे ते घर. त्याला खिडकी अशी नव्हतीच. माजघरात माळवदातील एका झरोक्यातून उन्हाचा कवडसा उतरे, आणि तो दिवसभर जमिनीवरून सरकत जाई. कोठीच्या खोलीत तर तेवढाही उजेड नव्हता.

काही आठवड्यांनी विमल म्हणाली, “अहो, ते झाड बघा तरी. मान काढलीय त्यानं.”

निवडुंगाच्या माथ्यावर फिकट, बारीक असा नवा कोंब निघून दाराच्या दिशेने कलला होता.

“वाढतंय की! बाईसाहेब खूश होतील.”

“ह्याला वाढणं म्हणत न्हाईत. उजेड हुडकतंय ते.”

त्यानंतर दुपारी सासूबाईंचा डोळा लागला, की विमल कुंडी माजघरात आणून झरोक्याखाली ठेवी आणि कवडसा सरकेल तशी तीही कुंडी सरकवीत राही. द्वारकाबाईंना हे ठाऊक होते. त्या कूस बदलून भिंतीकडे तोंड करीत आणि पुन्हा घोरू लागत.

वैशाखात एके दिवशी साहेबांनी कचेरीत सहज सांगितले, “मंडळी येताहेत या आठवड्यात.” राघवेंद्रराव घरी येऊन प्रथमच निवडुंगाकडे निरखून पाहू लागले, आणि ती फिकट मान हिरवी कशी करावी, या विचारात पडले. दुसऱ्या दिवशी कचेरीस जाण्यापूर्वी त्यांनी माळवदाला शिडी लावली.

विमलने शिडी धरली नाही. “असं नका करू. एकदम उन्हात नका नेऊ. बाळंतीण अंधाऱ्या खोलीतनं उठली म्हणून लगेच तिला कुणी शेतात खुरपायला धाडतं का? आधी ओसरीत ठेवू, मग सकाळचं कोवळं ऊन दाखवू.”

“तुला काय कळतं? निवडुंग आहे तो. माळावर कोण छत्री धरतं त्याच्यावर?”

“माळावरचा माळावरच वाढलेला असतो. हा आपल्या कोठीत होता.”

राघवेंद्रराव शिडी चढून गेले.

सायंकाळी त्यांनी वर जाऊन पाहिले, तो निवडुंगाची पश्चिमेकडील बाजू उकडल्याप्रमाणे पांढरटपिवळी पडली होती. उजाडेपर्यंत ती करपलेल्या भाकरीसारखी तपकिरी झाली. त्यांनी तीवर एरंडेल चोळले, आणि काटे मात्र बोटांत मोडले. कचेरीत त्यांना टाक धरवेना.

“बोटांना काय झालं?” साहेबांनी विचारले.

“काही नाही, साहेब.”

वनमालाबाई स्वतःच आल्या. साहेबांसह देवीचे दर्शन घेऊन परतताना दोघे राघवेंद्ररावांच्या ओसरीवर टेकले. विमलने पन्हे आणले, राघवेंद्ररावांनी कुंडी आणली. बाईंनी ती कौतुकाने हाती घेऊन फिरविली, आणि त्यांचा हात थांबला.

“अगबाई! हे कसं झालं?”

साहेबांनी राघवेंद्ररावांकडे पाहिले. तांबडी शाई टाकण्यापूर्वी ते कागदाकडे ज्या नजरेने पाहत, तीच ती नजर होती.

“हिनं माळवदावर नेऊन ठेवलं, बाईसाहेब,” राघवेंद्रराव बोलून गेले. “मी कचेरीत. बायकांना काय, निवडुंग म्हणजे निवडुंग!”

विमलने हातातील तबक खाली ठेवले. तिने पतीकडे पाहिलेदेखील नाही.

“होय बाई,” ती म्हणाली. “चुकलं माझं.”

वनमालाबाई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी विमलला जवळ बसवून घेतले आणि ममतेने समजावून सांगितले, की घरात ठेवायचा तर उजेड येतो तिथे ठेवावा, आणि एकाच बाजूला झुकू नये म्हणून कुंडी अधूनमधून फिरवावी. बाहेर काढायचा तर प्रथम सावलीत, मग कोवळ्या उन्हात, आणि अंगवळणी पडल्यावरच जास्त वेळ. विमलने ते सर्व पहिल्यांदाच कानी पडत असल्याप्रमाणे मान खाली घालून ऐकून घेतले.

“समजलं ना?”

“समजलं, बाई.”

“घरच्यांना नीट सांगत जा हो, राघवेंद्रराव,” साहेब उठता उठता म्हणाले.

‘ठाऊक आहे’ हे शब्द राघवेंद्ररावांच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच राहिले.

“हा डाग आता जायचा नाही,” बाई म्हणाल्या. “राहू दे तुमच्याकडेच.”

पाहुणे गेल्यावर आतून द्वारकाबाईंचा आवाज आला, “शिडीवर कोण चढलं होतं, ते मी बघितलंय हो. आता तरी भांड गं विमल त्याच्याशी!”

परंतु विमल भांडली नाही. ती पेले विसळत बसली. राघवेंद्रराव स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळले.

“विमल, मी...”

“पानं घेऊ का?” तिने विचारले.

भांडण झाले असते तर बरे झाले असते, असे त्यांना त्या दिवशी वाटले, आणि पुढेही पुष्कळदा वाटत राहिले. निवडुंग ओसरीवरच्या उजेडात सावरला. माथ्यावर ताजी हिरवी वाढ धरली. डाग तेवढा खाली तसाच राहिला. घर पूर्ववत चालले होते. ताट वेळेवर येई, कचेरीचे धोतर धुतलेले असे. केवळ ‘असं नका करू’ हे वाक्य त्या घरातून नाहीसे झाले. आईचे औषध कोणत्या वैद्याकडून आणावे, पावसाळ्यापूर्वी माळवदावर माती केव्हा टाकावी, काहीही विचारले तरी विमलचे उत्तर एकच असे, ‘तुम्हांला ठीक वाटेल तसं.’

एकदा कचेरीतील सिद्रामप्पा कारकून बसावयास आले होते. बोलता बोलता राघवेंद्ररावांचे लक्ष कुंडीकडे गेले. डागाची बाजू भिंतीकडे वळविलेली होती. त्यांनी ती वळविलेली नव्हती. पाहुणे येण्यापूर्वी विमलच ओसरी झाडून गेली होती.

सिद्रामप्पा गेल्यावर त्यांनी कुंडी उचलली व डाग दाराकडे केला.

“विमल, जरा बाहेर ये. ऊन आता फिरलंय. हे कुठं ठेवू?”

विमल हात पुशीत आली. तिने निवडुंगाकडे पाहिले, मग उन्हाकडे पाहिले. तिचा हात ओसरीच्या कोपऱ्याकडे किंचित उचलला गेला आणि पदराशी येऊन थांबला.

“तुम्हांला ठीक वाटेल तिथं,” ती म्हणाली, आणि आत गेली.

राघवेंद्रराव कुंडी छातीशी धरून उभे राहिले. सदऱ्यातून काटे टोचत होते. ऊन पायरीवरून सरकत अंगणात उतरले, तरी ती कुठे ठेवावी, हे त्यांना ठरविता येईना.