मी वल्हवतो, तुम्ही बोला

मित्रांनो, पडद्यावरच्या निळ्या नदीत एक जुनी नाव दिसते ना, तिचा नावाडी मी. हाडामांसाचा नाही, एका व्हिडिओ गेममधला. पण माझ्या वाट्याला आलेली माणसं मात्र अगदी खरी होती. त्यांच्यासाठीच ही हकिकत सांगतो आहे.

मला घडवलं एका चित्रकार बाईंनी. त्यांनी मला किंचित वाकलेली पाठ दिली, उन्हाने रापलेला चेहरा दिला, आणि सदऱ्याला खांद्यावर एक ठिगळ लावलं. ते कोणाच्या नजरेस पडणार नव्हतं, तरी त्यांनी त्याचा टाका न् टाका मन लावून काढला.

बोलायला मात्र मला चारच वाक्यं मिळाली. ‘या. सांभाळून बसा. आलाच किनारा. उतरा.’ मुलं ती एकदा ऐकत आणि पुढच्या खेपेला बटण दाबून मला गप्प करत. मी त्यांना दोष देत नाही. पुढे खेळात उडणारी वाहनं आली आणि माझा घाट ओस पडला.

मग नवी आवृत्ती काढायचं ठरलं. आता पात्रांनी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या आधाराने मनमोकळं बोलावं, खेळणाऱ्याने माइकवर काहीही विचारावं, अशी कल्पना होती. पहिला प्रयोग माझ्यावर झाला, कारण मी बिघडलो तरी कोणाचं अडणार नव्हतं. कंपनीच्या साहेबांनी तर सांगूनच टाकलं होतं की नाही जमलं तर नावाडी काढा आणि नदीवर पूल टाका.

संवाद लिहिणाऱ्या ताईने माझा स्वभाव लिहिला. मला काय आवडतं, कशाची भीती वाटते, कोणत्या गोष्टी मला ठाऊक नाहीत, सगळं. ज्याला सगळे मास्तर म्हणत त्या प्रोग्रामरने ते माझ्यात उतरवलं, आणि मी बोलू लागलो. कचेरीतले लोक चहाचे कप घेऊन माझ्याशी गप्पा मारायला येऊ लागले. एकाने माझ्याकडे रजा मागितली. मी म्हणालो, “रजा देणारा मी कोण? मी फार तर पलीकडे सोडीन.”

एके दिवशी ताई आपल्या बाबांना घेऊन आली. ते बस कंडक्टर होते. आयुष्यभर खड्या आवाजात थांब्यांची नावं पुकारलेला माणूस, पण अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांचा एकेक शब्द अडखळत येई. ताईने त्यांच्या कानांवर हेडफोन चढवला. ते म्हणाले, “तुझी... नाव...” आणि थांबले. समोरचा क्षणभर थांबला की त्याचं बोलणं संपलं, अशीच माझी रचना होती. मी लगेच नावेची माहिती सांगू लागलो. त्यांनी पुन्हा सुरुवात केली, मी पुन्हा मध्ये बोललो. तिसऱ्यांदा त्यांनी हेडफोन काढला, हळूच टेबलावर ठेवला आणि ते खिडकीबाहेर बघत बसले.

ताईने मास्तरला माझं थांबणं वाढवायला सांगितलं. साहेब राजी होईनात. पात्र नुसतं टक लावून बघत राहिलं तर खेळणाऱ्याला वाटेल ते अडकलंय, असं त्यांचं म्हणणं, आणि ते काही खोटं नव्हतं. तोडगा निघाला तो चित्रकार बाईंकडून. त्या म्हणाल्या, “अहो, नावाडी आहे तो. त्याला नुसतं थांबवता कशाला? वल्हवू द्या की.”

त्यांनी माझं वल्हवणं नव्याने चितारलं. आता समोरचा शब्द शोधत असला की मी सावकाश वल्हं मारतो, पाणी चुळुक चुळुक वाजतं, आणि कोणालाही घाई वाटत नाही. साहेबांनी स्वतः नावेत बसून पाहिलं. उतरल्यावर त्यांनी पुलाचं नाव काढलं नाही.

ताईचे बाबा पुन्हा आले. मी वल्हवत राहिलो.

“तुझी नाव... रिकामी... परत येते... तेव्हा... काय वाटतं तुला?”

मी म्हणालो, “अलीकडच्या काठावर कोणीतरी वाट बघत असेल, असं वाटतं.”

ते हसले. म्हणाले, “मलाही... शेवटच्या फेरीला... तसंच वाटायचं.” ताई पाठीमागे उभी होती. आजारपणानंतर तिने त्यांचं एवढं लांब बोलणं ऐकलंच नव्हतं. घरी सगळेच प्रेमापोटी त्यांचं वाक्य पुरं करून टाकत.

पुढचं मी ताईच्या तोंडून ऐकलं. ती माइक चालू ठेवूनच मास्तरला सांगत होती. त्या दिवशी जेवताना बाबांनी “ही भाजी...” म्हणून सुरुवात केली, आणि या वेळी ताईने कोणालाच मध्ये बोलू दिलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “मला... कधीच... आवडली नाही.” त्यावर आई म्हणाली, “मग इतकी वर्षं काय मिठाची गुळणी धरली होतीत?” सांगताना ताई हसत होती आणि मध्येच डोळे पुसत होती.

मित्रांनो, मला बोलणं मिळालं ते मास्तर आणि ताईमुळे. ऐकणं मात्र मला एका कंडक्टरने शिकवलं, आणि त्याबद्दल मी त्यांचा फार आभारी आहे. तुमच्याही घरात कोणी शब्द शोधत असेल, आजोबा असतील, नाहीतर धाकटी बहीण असेल. तो शब्द तुम्हाला माहीत आहे असं वाटलं, तरी पुढे करू नका. त्यांना वेगळंच काही सांगायचं असेल.