मेलेल्या शिपायाने दिलेली वाट

मित्रांनो, मी एक जुनी कात्री आहे आणि स्वभावाने पक्की भित्री आहे. माझ्या बहिणी शिंप्यांकडे गेल्या. मी मात्र आले सिनेमाच्या संकलनाच्या खोलीत, फिल्म कापायला. शिंप्याचं चुकलं तर ठिगळ लावता येतं. माझं चुकलं तर जिताजागता माणूस गोष्टीतून नाहीसा व्हायचा! त्यामुळे काम आलं की मी पाती घट्ट मिटूनच घ्यायचे. संकलन करणाऱ्या ताई मात्र माझं फार कौतुक करायच्या, रोज मऊ फडक्याने पुसून ठेवायच्या.

एकदा युद्धाचा सिनेमा आला. लढाई संपते आणि कॅमेरा शत्रूच्या प्रेतांवरून हळूहळू सरकतो. चिखलात एक शिपाई मरून पडलेला असतो. एक मुंगी त्याच्या बोटाशी येऊन अडते. तो हळूच बोट उचलतो, तिला वाट देतो आणि पुन्हा मरतो.

दिग्दर्शक कडाडले, "या नटाला नुसतं मेल्यासारखं पडून राहायला सांगितलं होतं! मेलेला माणूस हलतो कसा? लोक हसून लोळतील. कापा ते!"

"साहेब, अख्ख्या सिनेमात माया असलेली तेवढीच एक जागा आहे. राहू द्या ना," ताई काकुळतीने म्हणाल्या.

"बरं, आज लोकांना दाखवू. कात्री सोबत घ्या. एक जरी हसला, तर सिनेमा दाखवणाऱ्या मशीनच्या खोलीत जाऊन तिथल्या तिथे कापायचं. आणि उद्यापासून तुम्ही दुसरं काम बघायचं."

थिएटरच्या अंधारात मी ताईंच्या घामेजल्या मुठीत होते. शत्रू पडला की लोक शिट्ट्या मारत होते. मला वाटलं, संपलं! यांना कसली आलीय माया?

तो चिखल आला. मुंगी आली. बोट उचललं गेलं आणि कुणीतरी खुदकन हसलं. ताई उठल्या.

तेवढ्यात एक बाई ओरडली, "अगं बाई, जिवंत आहे!"

"कोण? कुठे?"

"तो काय, तो! जिवंत आहे!"

शिट्ट्या मारणारेही माना उंचावून बघू लागले. कॅमेरा मात्र पुढे सरकत होता. मागून एक आजोबा कळवळून म्हणाले, "अरे, थांबवा ना! त्याला उचला कुणीतरी!"

शेजारी बसलेल्या दिग्दर्शकांनी डोळे पुसले. "बसा, ताई," ते म्हणाले. "कापायचं नाही."

मित्रांनो, आता सिनेमे कॉम्प्युटरवरच कापतात, कात्रीने कापायची फिल्म राहिली नाही. मी खणात गंजते आहे. तेलाचा थेंब मिळाला तर बरं वाटेल, पण खरं मागणं निराळंच आहे. कुणालाही शत्रू म्हणून टाकून देण्याआधी जरा थांबून बघा. मला धरणारा हात घाईत असला, तर मी त्याला अडवू शकत नाही. तुमचा हात मात्र तुम्हालाच अडवता येतो.