देवकाबाईच्या कमरेचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना काडतुसांचा पट्टा आहे. बंदुकीच्या गोष्टी सगळेच सांगतात, कारण ती मोठ्यानं बोलते. पण कोणत्या जनावराला काय घालायचं, हे माझ्या घरांत ठरायचं. मला गर्व आहे म्हणाल तर आहे, आणि तो फुकटचा नाही.

उटनूरच्या बाजारात एका मोच्यानं म्हशीचं कातडं कापून मला शिवलं. नेरडीगोंड्याजवळच्या एका गावातला शेतकरी महिपत यानं मला विकत घेतलं. त्याच्याकडे दुनळी बंदूक होती. माझ्या उजव्या घरांत बारीक छर्रा असे, तो तितराला आणि सशाला. मधल्या घरांत मोठा छर्रा, तो आडव्या पळणाऱ्या रानडुकराला. डावीकडे गोळी, ती सरळ अंगावर येणाऱ्या जनावराला. महिपत म्हणायचा, तितराला गोळी घातली तर हाती पिसं येतात आणि डुकराला बारीक छर्रा घातला तर हाती वैर येतं. काडतुसं आपापल्या घरी बसवणं आणि मला एरंडेल चोळणं हे त्याच्या बायकोचं, देवकाबाईचं काम. तिचा हात माझ्यावरून फिरला की मी ताठ व्हायचो.

पुढे हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. गावात साखर वाटली गेली. थोड्याच दिवसांत दवंडी आली, की बाजाराच्या दिवसापर्यंत सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा. महिपतचा चुलतभाऊ बाबाराव हळहळला. शेवटची एक शिकार करतो म्हणून तो बंदूक मागून घेऊन गेला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं त्यानं घाईत मला उलटं बांधलं. उजवं डावीकडे गेलं. डुक्कर समोर येताच त्यानं गोळी समजून बारीक छर्रा भरला. जखमी डुक्कर चवताळून महिपतच्याच ज्वारीत शिरलं.

ज्वारी कापणीला आली होती. वर्षाची भाकरी त्या शेतात उभी होती आणि एकही मजूर धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, आत पाय टाकायला तयार नव्हता. दुसऱ्या दिवशी बाजार होता, म्हणजे बंदूक जाणार होती. बाबाराव मान खाली घालून बसला. महिपत त्याला रागावला नाही. जनावर अर्धं मारून सोडणं पाप आहे, एवढंच म्हणून तो त्याच सकाळी शेताकडे निघाला.

देवकाबाईनं मला आपल्या कमरेला बांधलं. महिपतनं तिला अडवलं, तेव्हा ती म्हणाली, "तुमी ज्वारीकडे पाहा. काडतूस मी देते."

दोघं धुऱ्यावर उभे राहिले. धाटं हलली. महिपतनं एकामागून एक दोन्ही नळ्या झाडल्या आणि दोन्ही बार वाया गेले. त्यानं बंदूक उघडून मागे हात केला आणि मोठा छर्रा मागितला. पण देवकाबाईचे डोळे धाटांच्या शेंड्यांवर होते. तिनं माझ्या डाव्या घरातली गोळी काढून त्याच्या हातात ठेवली. दुसऱ्या क्षणी डुक्कर धाटं मोडत बाहेर आलं. बार झाला आणि ते महिपतच्या पायाजवळ कोसळलं.

रिकामं काडतूस काढता काढता महिपत म्हणाला, "म्या छर्रा मांगतला व्हता."

"तो आडवा पळत नव्हता," देवकाबाई म्हणाली. "सरळ तुमच्यावर येऊन राह्यला व्हता."

मित्रांनो, त्या दिवशी मला जेवढा अभिमान वाटला तेवढा पुन्हा कधी वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी बंदूक ठाण्यात गेली, ती परत आली नाही. मला मात्र महिपतनं देवकाबाईला देऊन टाकलं. तिनं मला कमरेला आवळलं, विळा खोचला आणि सगळ्यांच्या पुढे ती ज्वारीत शिरली. तिच्यामागून मजूर आले. पुढे आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला, कचेरीतल्या पाट्या तेलुगूत लागल्या, तरी दर कापणीला मी तिच्या कमरेला होतो.

आता शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. माझी घरं रिकामी आहेत. तेल मिळालं नाही की माझं कातडं तडकतं, म्हणून माझ्यासारखं जुनं काही तुमच्या घरात असेल तर त्याला अधूनमधून हात लावत जा. आणि ते कुणाचं, हे नीट विचारा. एकदा नातवंडं मला आजोबांचा पट्टा म्हणाली, तेव्हा म्हातारी देवकाबाई तेलाचा हात न थांबवता म्हणाली, "आजोबाचा नाही. माहा हाय."