निरुपमाकाकूंची शिकवणी

बडोद्यात आमच्या फतेगंजच्या सोसायटीत कागदावर एकही बाई रिकामी बसलेली नव्हती. वत्सलामावशी पापड लाटून विकायच्या, माझी आई साड्यांवर भरतकाम करायची आणि समोरच्या निरुपमाकाकू मुलींना गाणं शिकवायच्या. प्रत्यक्षात मावशींच्या घरी पापड लहरीपुऱ्याच्या बाजारातून विकत यायचे, आणि आईला शर्टाचं बटण लावायचं म्हटलं तरी जिवावर यायचं.

हे सगळे उद्योग निघाले होते काकूंचे यजमान दत्तात्रेयकाका यांच्या डोक्यातून. काका कर सल्लागार होते. नंदेसरीचे केमिकलवाले त्यांच्याकडे यायचे, सोसायटीतलेही यायचे. जो पैसा उघड दाखवता येत नाही तो घरातल्या बायकांची कमाई म्हणून थोडा थोडा दाखवायचा, करमाफीच्या मर्यादेत बसवायचा आणि दरवर्षी नेमानं विवरणपत्र भरायचं, ही त्यांची युक्ती. काही वर्षांत बाईच्या नावावर पांढरी पुंजी उभी राहायची. बायकांना काकांनी खूण केलेल्या जागी सही करण्यापलीकडे काही माहीत नसायचं.

काकांना याची लाज वाटत नसे. "चोर असतो तो लपवतो," ते म्हणायचे. "मी तर दाखवतो!" त्यांचे आजोबा गायकवाडी अंमलात हिशेबखात्यात होते, आणि त्यांचं नाव निघालं की काका हिंचक्याचा झोका थांबवून ताठ बसायचे. "आमच्या घराण्याचा एकही कागद आजवर खोटा ठरलेला नाही." बजेटच्या संध्याकाळी तर त्यांच्या दिवाणखान्यात मॅच असल्यासारखी गर्दी व्हायची. अर्थमंत्री टीव्हीवर एक दार बंद करायचे आणि काका चहा संपायच्या आत दुसरी खिडकी शोधून द्यायचे. माणूस हुशार होता, त्यात वाद नाही. त्या हुशारीचा मला अजून राग येतो.

कारण काकूंचं गाणं खरं होतं. सुरसागर तलावाजवळच्या गायनशाळेतून त्या पहिल्या वर्गात पास झालेल्या. त्यांची स्वयंपाकघराची खिडकी आमच्या गॅलरीसमोर होती. भाजी निवडताना त्या गुणगुणायच्या आणि मी गृहपाठ टाकून ऐकत बसायचे. दहा वर्षांची असताना मी हट्टच धरला, तेव्हा गुरुपौर्णिमेला आईनं मला नारळ देऊन त्यांच्याकडे पाठवलं.

काकूंनी तो नारळ दोन्ही हातांनी घेतला. त्यांचा चेहरा असा फुललेला मी आधी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात हिंचक्यावरून काकांचा आवाज आला, "आपल्या घरात शिकवण्या? दारात पोरींच्या चपला पडणार, आणि लोक म्हणणार, दत्तात्रेयला बायकोच्या कमाईची गरज पडली. परत दे तो नारळ."

काकूंनी नारळ परत दिला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

आणि त्याच वर्षी काकांनी काकूंच्या नावानं गायनाच्या शिकवणीची फाईल उघडली. खऱ्या कमाईनं घराण्याला कमीपणा येत होता, कागदावरच्या नाही. मला हे कळलं ते थेट सत्त्याण्णव साली, मी कॉलेजात गेल्यावर. काकांनी काकूंच्या नावावर अलकापुरीत एक दुकानाचा गाळा घेतला होता आणि आयकर खात्यानं विचारलं होतं, बाईंकडे एवढे पैसे आले कुठून? शिकवणीतून, असं उत्तर गेलं. साहेब नवा होता. तो म्हणाला, मग एखादी विद्यार्थिनी समोर आणा.

काका आमच्या घरी आले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी चहा नको म्हटलं.

"मोहना, बेटा, तुला अठरा पूर्ण झालीत ना? मग तुझी जबानी चालते. काकूंकडे लहानपणापासून शिकते, एवढंच सांगायचं. गभरायचं नाही."

मी आईकडे पाहिलं. ती पदराशी चाळा करत म्हणाली, "जा बाई. यांची फाईल उघडली की पाठोपाठ माझी उघडेल. त्या साहेबानं माझ्या हातात सुई दिली तर मी काय करू?"

"पण काका," मी म्हटलं, "साहेबांनी गायला सांगितलं तर?"

"मग उद्या दुपारी घरी ये," काका म्हणाले, "काकू थोडं बसवून देतील." खरं सांगते, मला साहेबाची भीती वाटत नव्हती. मला त्या घरात जायचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी तंबोऱ्याची खोळ काढली. तारा जुळवताना त्यांची बोटं आधी अडखळली, मग सरावली. त्यांनी भूप राग घेतला. "सोपा म्हणतात याला," त्या म्हणाल्या, "म्हणणाऱ्यांना म्हणू दे. मान खाली. गंधारावर थांब. पळू नकोस, तो कुठे जात नाही." त्यांचा आवाज खिडकीतून ऐकायचे त्याहून कितीतरी मोठा होता. इतकी वर्षं त्या आवाज दाबून गात होत्या, हे मला समोर बसल्यावर कळलं. एकदा माझा गंधार चुकून बरोबर लागला, तर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"तेव्हाच तुला घेतलं असतं तर," त्या म्हणाल्या आणि थांबल्या.

संध्याकाळ होत आली तसे काका घड्याळ बघायला लागले. "पुरे आता. एवढं चालेल."

"हिचा गंधार अजून ठरत नाहीये," काकू म्हणाल्या. त्यांना चिडलेलं मी तेव्हा एकदाच पाहिलं.

"साहेबांना गंधार नकोय, निरुपमा. साक्ष हवीये."

काकूंनी तंबोरा खाली ठेवला.

आयकर कचेरीत साहेबांनी मला नाव विचारलं, किती वर्षं शिकते ते विचारलं. मी ठरलेलं खोटं बोलले. मग त्यांनी पेन बाजूला ठेवलं आणि काहीतरी ऐकवायला सांगितलं, "कंईक संभळावो." मी आदल्या दिवशीचा भूप गायले. गंधारावर थांबले. शेजारच्या टेबलावरचा टाइपरायटर बंद झाला. काकू खुर्चीत बसून माझ्या ओठांकडे बघत होत्या आणि मांडीवर बोटानं ठेका धरत होत्या.

"सरस," साहेब म्हणाले. "चालु राखजो."

आजवर मला गाणं चालू ठेव असं सांगणारा माणूस तो एकटाच. आयकर खात्याचा!

प्रकरण मिटलं. काकांनी सोसायटीत पेढे वाटले. मी मात्र रविवारी नारळ घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले. मला वाटलं, आता कोण अडवणार? आता तर मी सरकारदरबारी त्यांची शिष्या आहे. चांगली हसतच मी म्हटलं, "काका, साहेबांचा हुकूम आहे, चालू ठेवा म्हणून."

काका हसले नाहीत. "अगं, तीच तर पंचाईत आहे. एकदा खात्याची नजर पडली म्हणजे पुन्हा पडते. मी शिकवणी बंद दाखवली आहे. घशाचा विकार, गाणं कायमचं सोडलं. डॉक्टरांचं सर्टिफिकेटही जोडलंय. आता या घरातून सूर ऐकू आला तर आपणच खोटे पडू. समजून घे, बेटा. आवजो."

त्यांच्या मागे काकू उभ्या होत्या. या वेळी त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलतील. नारळ घेऊन मी घरी आले, आईनं त्याची चटणी केली.

त्या दिवसापासून समोरच्या खिडकीतलं गुणगुणणंही थांबलं. भाजी निवडली जायची, कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या, बाकी काही नाही. पुढे माझं लग्न झालं, मी पुण्याला गेले. गाणं राहिलं ते राहिलंच.

बऱ्याच वर्षांनी काका गेल्याचं कळलं तेव्हा मी बडोद्याला आले. तेरावा झाल्यावर, घर रिकामं झाल्यावर, काकूंजवळ जाऊन बसले. हिंचका बांधून ठेवलेला होता. म्हटलं, "काकू, आता कोण विचारणार आहे? शिकवा ना मला. तो गंधार अजून ठरलेला नाही."

त्या उठल्या. तंबोरा काढला आणि असा जुळवला की ऐकत राहावं. डोळे मिटून त्यांनी षड्ज लावायला तोंड उघडलं. आलं ते नुसतं वारं. पुन्हा प्रयत्न केला. घोगरा, फाटका, कुठेही न टेकणारा आवाज. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही.

काकू हसल्या, तारांवर हात ठेवून त्यांनी तंबोरा गप्प केला.

"बघ," त्या म्हणाल्या, "ह्यांचा एकही कागद खोटा ठरला नाही."