दार जरा उचलून ढकलावे

"बाई, हे शेपूट कशाला?" संपादकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "बावीस वर्षं तुम्ही लोकांच्या कथांची शेपटं छाटली, आणि तुमच्याच कथेला हे एवढं?"

बाई मासिकाच्या कचेरीत लेखकांची हस्तलिखिते टाइप करीत, आणि करता करता चुका दाखवीत. नायकाला जाग येण्यापासून कथा सुरू झाली, की म्हणत, "ह्याला झोपू दे अजून. आपण दुसऱ्या पानावर भेटू." सगळी पात्रे एकाच तोंडाने बोलू लागली, की समासात बारीकसे प्रश्नचिन्ह. हरवलेला भाऊ अचानक गर्दीत सापडला, की हसत. "एवढ्या मोठ्या जगात बरा हाच भेटला." आणि कथा संपल्यावरही लेखक बोलतच राहिला, तर ते शेपूट. त्यावर सरळ काट. लेखक आधी रुसत, मग आभार मानत.

आता त्यांनी पहिल्यांदा स्वतःची कथा लिहिली होती. दोन बहिणींची. धाकटी घर सोडते, थोरली धावत स्थानकावर पोचते, गाडी हलते, थोरलीचा हात वरच राहतो. आणि त्याखाली एकच वाक्य: 'दार अजून खाली घासते; जरा उचलून ढकलावे, आतून कडी नसते.'

"हात वर राहिला तिथं मी पान खाली ठेवलं," संपादक म्हणाले. "कथा तिथंच संपली. मग हे दार कुठून उपटलं? आधी एकदा तरी आलंय का?"

"नाही आलं."

"दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर?"

"काट मारली असती." बाईंनी कागदाची दुमडलेली कड बोटाने सरळ केली. "पण साहेब, तो हात खोटा आहे. मी स्थानकावर गेलेच नव्हते. धाकटीनं आपल्या मनानं लग्न ठरवलं, एवढाच तिचा गुन्हा. मी म्हटलं, ह्या दारात पुन्हा पाऊल ठेवू नकोस. आणि आत जाऊन भांडी घासत बसले. गाडीची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येते. घासलेलीच भांडी पुन्हा घासली."

"पत्र टाकायचं."

"तीन टाकली. तिन्ही परत आली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून. पण आपलं मासिक ती असेल तिथं वाचणार. लहानपणी माझ्या हातातून ओढून घ्यायची आणि कथेचं शेवटचं वाक्य आधी वाचायची. मी म्हणायचे, अगं, ही काय वाचायची रीत? तर म्हणायची, आक्का, रडायचं असेल तर आधी कळलेलं बरं."

बाहेर छपाईयंत्राची धडधड थांबली, पुन्हा सुरू झाली.

"मग सरळ 'ये' असं लिहा की."

"ते तोंडानं कधी जमलं नाही मला. कागदावर कुठून जमणार?"

संपादकांनी उचललेली लाल पेन्सिल कानावर ठेवली. "आणि तो खोटा हात? तो काढायचा का?"

"असू दे," बाई म्हणाल्या. "तेवढं तरी जाऊन आले मी."

अंक निघाला. पुढच्या महिन्यात एका वाचकाचे पत्र आले. कथा आवडली, पण शेवटचे वाक्य अनावश्यक आहे. संपादकांचे लक्ष नव्हते का? पत्रांच्या पानासाठी ते बाईंनीच टाइप केले. एकही चूक न करता.

त्या रविवारी शेजारचे सुतारकाका पायरीशी थांबले. खांद्यावर हत्यारांची पिशवी होती.

"ताई, किती वर्षं हे दार उचलताय? पाच मिनिटांचं काम. खालून रंधा मारतो."

"नको हो, काका."

"अहो, शेजारधर्म समजा. लोक काय म्हणतील, सुतार शेजारी असून दार रडतंय."

"रडू दे की. कुणाला तरी खूण सांगून ठेवलीय त्याची."

काकांनी दाराकडे पाहिले, बाईंकडे पाहिले. "मग राहिलं," म्हणत पिशवी सावरून ते निघून गेले.

बाई आत आल्या. दार जरासे उचलून त्यांनी लोटले. ते घासत, कुरकुरत जागेवर बसले. जुन्या सवयीने हात कडीकडे गेला, आणि तसाच वर राहिला.